जाहिरातींच्या आड वर्षाली

सामना पाचला सुरू होणार होता, आणि साडेचार वाजता विजयश्री गपाट अजून नाशिक फाट्यावर कंपनीच्या बसमध्ये बसून पुढच्या कंटेनरची पाठ बघत होती. रविवारी तरी चाकणहून निघालेली बस वेळेत पोचावी, तर तेही नशिबात नव्हतं. तिने ड्रायव्हरला तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारल्यावर तो म्हणाला, "ताई, तुम्हीच चालवता का?" शेजारच्या योगिनीने हसू दाबलं. विजयश्रीला हसू सुचत नव्हतं. काळेवाडीचा थांबा यायच्या आधीच ती दारात जाऊन उभी राहिली, बस थांबते न थांबते तोच उतरली आणि अंगातल्या कंपनीच्या ॲप्रनसकट, हातातल्या डब्यासकट गल्लीतून पळत सुटली. बेचाळीस वर्षांची बाई पळते आहे म्हणून लोकांनी वळून बघितलं. बघू देत, म्हणाली ती मनाशी.

तिला पळायला कारणही तसंच होतं. सहा वर्षं पोरगी कबड्डी खेळत होती आणि आईने तिला मैदानावर एकदाही पाहिलं नव्हतं. विजयश्रीच्या कंपनीत गाड्यांसाठी वायरींचे जुडगे बांधतात आणि तिथली सुट्टी गुरुवारची. कबड्डीचे सामने मात्र जगात सगळीकडे रविवारी. बारा वर्षांच्या वर्षालीला खेळाच्या वसतिगृहात पाठवायचं ठरलं तेव्हा अख्खं घर विरुद्ध गेलं होतं. सासूबाईंनी दोन दिवस अन्न टाकलं, नवरा समाधान गप्प बसला. एकटी विजयश्री अडून बसली होती, की पोरगी खेळणार. खेळू दे म्हणणारी तीच, आणि खेळ न पाहिलेलीही तीच. चहाच्या सुट्टीत फोन उघडला की 'जिंकलो' किंवा 'हरलो' एवढा एक शब्द दिसायचा. कधी कोणीतरी काढलेला वीस सेकंदांचा हलता व्हिडिओ यायचा, त्यात निम्मा वेळ काढणाऱ्याचा अंगठा.

आज मात्र राज्य अजिंक्यपदाचा अंतिम सामना होता, कुमारी गटाचा, नंदुरबारला. पिंपरी-चिंचवड विरुद्ध रत्नागिरी. आणि संघटनेने तो पहिल्यांदाच इंटरनेटवर थेट दाखवायचं ठरवलं होतं. दुपारी तीनला शिफ्ट सुटताना सुपरवायझरने ओव्हरटाइमची यादी वाचली, त्यात तिचं नाव होतं. "आज जमणार नाही सर," असं ती अकरा वर्षांत पहिल्यांदा तोंडावर म्हणाली आणि त्याचं उत्तर ऐकायलाही थांबली नाही.

घराच्या दारात चपला काढताना आतून बाईचा गोड आवाज आला, "या लग्नसराईत, शुद्धतेचं वचन!" पुढच्या खोलीतली सगळी मंडळी टीव्हीकडे तोंड करून बसली होती आणि टीव्हीवर एक नवरी बांगड्या घालत होती.

"झाला का सुरू?" विजयश्रीने धापा टाकत विचारलं.

"दहा मिनिटं झाली, ही नवरी तयारच होतीये," समाधान म्हणाला. भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये तो मेंटेनन्सला होता. सुट्टीच्या दिवशीही त्याच्या खिशात टेस्टर असायचा आणि कुठलीही वस्तू बिघडली की ती उघडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. टीव्ही भिंतीवर होता म्हणून अजून वाचला होता.

"दादा, हात लावू नकोस. उघडतंय ॲप," त्याचा धाकटा भाऊ ज्ञानेश म्हणाला. हा हिंजवडीला आयटीत, राहायला वाकडला. घरावर आणखी एक मजला कोणाच्या नावाने चढवायचा यावरून गणपतीत दोघा भावांचं वाजलं होतं, तेव्हापासून त्यांचं बोलणं कामापुरतं उरलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी ज्ञानेशने हा पंचावन्न इंची टीव्ही घरी पाठवून दिला. तोंडाने 'चुकलो' म्हणायला जमत नाही, तेव्हा गपाट मंडळी वस्तू पाठवतात.

दिवाणावर सासरे बसले होते, ज्योतीराम गपाट. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. आणि टीव्हीच्या अगदी पुढ्यात, हात लांबवला तर नवरीच्या नाकाला लागेल इतक्या जवळ, खुर्ची टाकून सासूबाई, सुमनताई. साखरेने त्यांची नजर गेल्यासारखीच होती. फोनचा पडदा त्यांना नुसता उजेड दिसायचा, म्हणून तर एवढा मोठा टीव्ही. "ही कोन बया? आपली वर्षू कुटंय?" त्या विचारत होत्या.

पाचला दोन मिनिटं कमी असताना नवरी गेली आणि मैदान आलं. निळी मॅट, चौदा पोरी, कडेला गर्दी, हलग्यांचा आवाज. विजयश्री डबा हातात धरूनच उभी राहिली. एकच कॅमेरा होता, उंचावर लावलेला. पण या पडद्यावर प्रत्येक पोरगी वीतभर उंच दिसत होती. उजवीकडून तिसरी, पाठीवर सात नंबर, केसांचा घट्ट बुचडा.

"ती बघा," विजयश्री म्हणाली. "आई, ती बघा, निळ्या कपड्यातली."

"दिसली! दिसली गं!" सुमनताई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

वर्षाली मध्यरेषेवर आली, वाकून मॅटला हात लावला, कपाळाला लावला आणि शिरली. डावीकडे दोन पावलं, उजवीकडे एक, हात लांब. कोपऱ्यातली पोरगी तिच्या पायावर झेपावली, आणि चित्र एकाएकी आक्रसून पडद्याच्या कोपऱ्यात पाटीएवढं झालं. उरलेल्या जागेत एक मिक्सर गरगर फिरू लागला. 'आजच मागवा.'

"अरे!" पाचही जण एकदम ओरडले.

मिक्सरने कोथिंबिरीची चटणी करून दाखवली तेव्हा कुठे चित्र जागेवर आलं. वर्षाली आपल्या बाजूला उभी होती, मैत्रिणी तिच्या पाठीवर थापा मारत होत्या आणि गुण दोनने वाढले होते. कसे वाढले ते मिक्सरला माहीत.

त्यानंतर जे चाललं त्याला सामना बघणं म्हणता येणार नाही. मध्येच अख्खा पडदा भरून तांदळाची जाहिरात यायची, ती संपली की गादीची. ती जायची तोवर खालून पट्टी सरकायची आणि पोरींचे पाय झाकून टाकायची. कबड्डीत पाय झाकले तर उरतं काय! रत्नागिरीने लोण चढवला, तो गादीखाली गेला. वर्षालीने एकहाती पकड केली म्हणे, ती बासमतीत गेली. समाधानने वैतागून फोनवर तोच सामना लावला, पण तिथे चौदा मुंग्या पळत होत्या, त्यातली आपली मुंगी कोणती ते कळेना.

"ज्ञानेश, असला टीव्ही कुठून आणलास रे?" समाधान अखेर म्हणाला. "स्वस्तातला घेतलास ना?"

"स्वस्तातला? दादा, टीव्हीला काही झालेलं नाही. सेटअपच्या वेळी कोणीतरी सगळ्याला हो म्हटलंय. आपण काय बघतो ते टिपून घ्यायला, जाहिराती दाखवायला, सगळ्याला. म्हणून तो आपण बघतो ते बघतोय आणि मध्ये मध्ये घुसतोय."

"म्हंजी ह्यो आपल्याकडं बघतुया व्हय?" सुमनताईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"तसं नाही गं आई. पडद्यावर काय चाललंय ते बघतो."

"मग हो म्हटलं कोणी?" समाधानने विचारलं. "आबा, त्या जोडायला आलेल्या माणसानेच सगळं केलं ना?"

"व्हय. त्यानंच," ज्योतीराम म्हणाले आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले.

"या लोकांना काय, गिऱ्हाइकाला विचारायचंच नाही," समाधान म्हणाला. "आबा, तुमच्यासमोर केलं आणि तुम्ही करू दिलंत? तुम्ही? वाचल्याशिवाय सही नाही म्हणणारे?"

हे बोलणं या घरात साधं नव्हतं. तीस वर्षांपूर्वीच्या संपात कंपनीने गेटवर टेबल मांडून चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्रावर सह्या घेतल्या होत्या. सही केली तर आत, नाहीतर बाहेर. वाचायला दिल्याशिवाय सही करणार नाही म्हणून ज्योतीराम चार महिने बाहेर बसले. त्या चार महिन्यांत सुमनताईंनी दारोदार शेंगदाण्याची चटणी विकली. ती गोष्ट दोन्ही पोरं ऐकत मोठी झाली होती, सून ऐकतच घरात आली होती. ज्योतीरामांचा चष्मा कधीच स्वच्छ झाला होता तरी ते पुसत राहिले.

मध्यंतराची शिट्टी वाजली तेव्हा रत्नागिरी एकोणीस, पिंपरी-चिंचवड चौदा. पंधरा मिनिटांत विजयश्रीला वर्षाली धडपणे दिसली ती चार वेळा. सहा वर्षं थांबले, सुपरवायझरला तोंडावर नाही म्हटलं, गल्लीतून पळत आले, ते मिक्सर बघायला?

"भावजी, पाच मिनिटं आहेत," ती ज्ञानेशला म्हणाली. "काहीतरी करा. नाहीतर मी आत्ता हा टीव्ही खाली उतरवीन."

"वहिनी, माझा लॅपटॉप आहे. त्याच्यावर मी जाहिराती अडवायची सोय केलीय. केबलने टीव्हीला जोडू, टीव्ही नुसता पडदा म्हणून वापरू. पण केबल पाहिजे."

"वरच्या कपाटात आहे, जुन्या सेट टॉप बॉक्सची," विजयश्री म्हणाली आणि जिन्याकडे धावली. परत आली तेव्हा दोघे भाऊ टीव्हीच्या दोन बाजूंनी भिंतीला गाल लावून उभे होते आणि मागची खाच कुठे आहे यावर वाद घालत होते. टीव्ही आणि भिंत यांच्यात जेमतेम हात जाईल एवढीच जागा होती.

"सरका," ती म्हणाली. न बघता जोडणी करायची तर तिचा रोजचाच धंदा होता. दिवसाला चारशे जुडगे. बोटांनी खाच चाचपायची, ढकलायचं, टिक ऐकायची, ओढून बघायचं. डोळे मिटून तिने हात आत घातला. टिक ऐकली, ओढून बघितलं. "लागली."

पडद्यावर लॅपटॉप उमटला आणि मग मैदान. प्रशिक्षक पोरींना घोळक्यात घेऊन हातवारे करत होते. स्वच्छ, अख्खं चित्र. समाधानने "भले!" म्हणून ज्ञानेशच्या पाठीत थाप मारली, मग आपण अजून रागावलेले आहोत हे आठवून हात मागे घेतला. आणि तेवढ्यात खालून पट्टी सरकली. 'आजच मागवा.'

"हे कसं काय?" समाधान ओरडला. "लॅपटॉपवर अडवलंस ना?"

"लॅपटॉपवर अडलीये. ही टीव्हीची स्वतःची आहे. बाहेरून आलेलं चित्रही तो ओळखतो." ज्ञानेशने कपाळाला हात लावला. "टीव्हीचं इंटरनेटच तोडायला पाहिजे."

समाधानला तोडणं फार लवकर सुचत असे. त्याने राउटरचा प्लग उपटला. पट्टी गेली. चित्रही गेलं.

"दादा! लॅपटॉपही त्याच्यावरच आहे!"

"मग फोनच्या नेटवर घे ना."

"या खोलीत एक दांडी तरी येते का रेंजची?"

प्लग परत लागला. राउटरचे दिवे एकेक करत पेटेपर्यंत मध्यंतरातलं दीड मिनिट गेलं. राउटरचा पासवर्ड बदलावा तर तो केबलवाल्या सोनूकडे, आणि सोनू रविवारी फोन उचलत नाही हे अख्ख्या काळेवाडीला माहीत. मग ज्ञानेश टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरला. पडद्यावर चार रिकामे चौकोन आले.

"पिन मागतोय. त्या माणसाने काय पिन टाकला होता, आबा?"

"मला काय ठावं," ज्योतीराम म्हणाले.

ज्ञानेशने चार शून्यं टाकून बघितली. चूक. एक दोन तीन चार. चूक. "पाच वेळा चुकलं तर अर्धा तास कुलूप," तो म्हणाला. समाधानने टीव्ही आला त्या दिवसाची तारीख सांगितली. चूक. पलीकडे शिट्टी झाली, पोरी मैदानात उतरल्या, आणि चार चौकोनांच्या मागे त्यांच्या नुसत्या सावल्या हलताना दिसल्या.

विजयश्रीचं लक्ष सासऱ्यांकडे गेलं. ज्योतीरामांचा चष्मा आता डोळ्यांवर होता, पण ते पडद्याकडे बघत नव्हते. त्यांच्या उजव्या हाताची बोटं सदऱ्याच्या खिशावर फिरत होती, काहीच नसलेल्या खिशावर. टीव्ही आला तो गुरुवार होता. ती दळणाला गेली होती, सासूबाई भजनाला. घरात हे एकटेच. ती दिवाणाशी जाऊन उकिडवी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आबा, तो माणूस किती वेळ होता हो?"

ज्योतीरामांनी तिच्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "भिंतीला अडकवला आन् रिमोट हातात देऊन गेला," ते तितक्याच हळू म्हणाले. "घाईत व्हता. म्हनला, आजोबा, समदं इंग्रजीत येतंय, तुमी नुसतं ओके ओके दाबत जावा. म्या दाबलं. नऊ येळा. मला वाटलं कुनालातरी इचारावं. पर टीव्ही लई चांगला दिसत व्हता गं पोरी. लवकर लागावा वाटला."

विजयश्रीला त्या म्हाताऱ्या माणसाची फार माया आली, आणि त्याच क्षणी पलीकडे हलग्या वाजायला लागल्या. "आबा, आकडा मला सांगा," ती कुजबुजली. "मीच लावला होता म्हणते, विसरले होते म्हणते. कोणाला कळायचं नाही."

त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. क्षणभर वाटलं, सांगतील. मग दिवाणाच्या कडेला हात टेकून ते उठले, आणि एके काळी कंपनीच्या गेटवर बोलत असत त्या आवाजात सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "त्या मानसानं काय केलं न्हाई. म्याच केलं. न वाचता समद्याला हो म्हनलो, आन् तुमाला खोटं सांगितलं. चार, एक, एक, सात."

पहिल्यांदा बोलल्या त्या सुमनताई. "आवं, ह्यो तर तुमचा टोकन नंबर!"

बत्तीस वर्षं कंपनीच्या बिल्ल्यावर छातीशी वागवलेला आकडा. ज्ञानेशने समाधानकडे बघितलं, समाधानने ज्ञानेशकडे. दोघांच्याही ओठांचे कोपरे आधी थरथरले आणि मग दोघे भाऊ गणपतीनंतर पहिल्यांदाच एकत्र, पोट धरून हसले. आबाही हसले, जरा ओशाळून.

"चार महिने चटनी इकली म्या ह्यांच्या त्या एका सहीपायी," सुमनताई म्हणाल्या, "आन् हितं नऊ येळा सही! त्या चटनीची आता भरपाई पायजे मला."

"भरपाई मागून घ्या आई, आधी आकडा टाकू द्या!" विजयश्री ओरडली.

आकडा पडला, कुलूप उघडलं. संमतीच्या पानावर नऊ चौकोन, नवांवरही बरोबरची खूण. ज्ञानेश सरळ वायफायकडे जायला निघाला तसा आबांनी त्याचा हात धरला.

"थांब. आधी हे काढायचं. वाच."

"आबा, खेळ चालू झालाय!"

"वाच म्हनतो ना. मराठीत. झटपट."

वाद घालण्यात जास्त वेळ गेला असता. ज्ञानेशने घोड्यावर बसल्यासारखं वाचायला सुरुवात केली. "तुम्ही काय बघता याची नोंद ठेवू का?"

"न्हाई!" ज्योतीराम म्हणाले.

"ती नोंद दुसऱ्या कंपन्यांना देऊ का?"

"न्हाई!" आता सुमनताईही सामील झाल्या.

"तुमच्या आवडीप्रमाणे जाहिराती दाखवू का?"

"नाही!" समाधान आणि विजयश्री एकदम. चौथ्यापासून सगळं घरच ओरडत होतं, समाधान तर मूठ वर करून. शेजारच्या इंदुताई "काय झालं हो?" म्हणत खिडकीशी आल्या आणि कशाला ते न कळता शेवटच्या दोनांना त्याही नाही म्हणाल्या. नऊ खुणा गेल्या. मग ज्ञानेशने वायफायवर जाऊन 'विसरा' हा शब्द दाबला, आणि टीव्हीला या घराचं इंटरनेट विसरायला लावलं.

पडद्यावर निळी मॅट आली. एक मिनिट गेलं, दोन गेली. खालून काही आलं नाही, बाजूने काही आलं नाही. विजयश्रीने डबा खाली ठेवला आणि फरशीवर, टीव्हीसमोर, मांडी घालून बसली.

आता तिला सगळं दिसत होतं. आपली पोरगी दुसऱ्यांवर ओरडते हे तिला माहीत नव्हतं. ही घरी आली की आवाज न करता भांडी घासणारी वर्षाली, आणि मैदानावर हात नाचवून सहा जणींना जागा दाखवत होती, चुकली तिच्यावर डोळे वटारत होती. चढाईला जाताना तिचा खालचा ओठ दातांखाली जायचा. समोरच्या पोरीला हुलकावणी दिली की ती किंचित हसायची, ते हसू विजयश्रीच्या माहेरच्यांचं होतं. एकवीस-चोवीस. चोवीस-सव्वीस. समाधान खोलीभर येरझारा घालत होता. ज्ञानेश सुमनताईंच्या कानाशी बसून त्यांना सगळं सांगत होता, "गेली आई, आत गेली, लावला हात, परत आली!" आणि त्या प्रत्येक वेळी "आली? आली?" म्हणत टाळी वाजवत होत्या. विजयश्री ओरडत नव्हती. तिला इतका आनंद झाला होता की ओरडायचं राहूनच गेलं होतं.

सात मिनिटं उरली असताना वर्षालीची पकड झाली. तिघी तिच्यावर पडल्या, ढीग झाला, शिट्टी वाजली, ढीग सुटला.

"हरकत नाही, एकच गुण गेला," समाधान म्हणाला.

"होईल कव्हर," ज्ञानेश म्हणाला.

वर्षाली उठली. आधी उजवा हात मॅटवर टेकला, मग उजवा पाय घेतला, मग डावा पाय सरळच्या सरळ ओढून आणला. वाकून गुडघ्यावरची पट्टी वर सरकवली, पंचांकडे न बघता, प्रशिक्षकांकडे पाठ करून. मैदानाबाहेर जाताना नीट चालली. अगदी नीट, एकेक पाऊल ठरवून टाकावं तशी. लहानपणी सायकलवरून पडली की ही अशीच चालत घरात यायची आणि सांगायची, काही नाही झालं.

तिने बाकीच्यांकडे बघितलं. कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सगळे गुणफलक बघत होते.

साथीदारांनी दोघींना बाद केलं आणि वर्षाली परत आत आली. एकतीस-बत्तीस. घड्याळात अर्धं मिनिट आणि शेवटची चढाई. इंदुताई खिडकी सोडून खोलीत आल्या होत्या. वर्षालीने मॅटला हात लावला, कपाळाला लावला आणि शिरली.

"डावा पाय पुढे टाकत नाहीये ती," विजयश्री म्हणाली, पण ते कोणी ऐकलं नाही. सगळी चढाई पोरगी उजव्या पायावर करत होती. डावीकडे जायची हूल देत होती आणि जात नव्हती. रत्नागिरीच्या पोरी डावा कोपरा धरून बसल्या होत्या. वीस सेकंद. पंधरा. ती एकदम उजवीकडे वळली, लांब झेप टाकली, मधल्या पोरीच्या खांद्याला बोटं लावली, वळता वळता दुसरी तिच्या कमरेला भिडली, आणि तिला तशीच अंगावर घेऊन वर्षालीने मध्यरेषेवर अंग झोकून दिलं. हात पलीकडे पडला. शिट्टी.

तेहतीस-बत्तीस.

मग त्या खोलीत काय झालं ते नीट सांगता येणार नाही. समाधानने ज्ञानेशला उचललं होतं, हे नक्की. सुमनताई इंदुताईंच्या गळ्यात पडून "माझी वर्षू, माझी वर्षू" म्हणत होत्या. ज्योतीराम पुन्हा चष्मा पुसत होते आणि या वेळी त्याची गरज होती. विजयश्री फरशीवरून उठली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि आता मात्र ओरडली, शब्द नसलेलं काहीतरी, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं.

दहा मिनिटांनी विजयश्रीच्या फोनवर व्हॉट्सॲप कॉल वाजला. सगळ्यांनी हात पुढे केले, पण ज्योतीराम म्हणाले, "तिला द्या. आधी तिला."

"आई! जिंकलो!" पलीकडे हलग्या, शिट्ट्या, पोरींचा किलबिलाट. "शेवटची चढाई माझी होती आई! दोन गुण! आबांना सांग, आजीला सांग, काकाला सांग..."

"डावा गुडघा कधीपासून दुखतोय?" विजयश्रीने विचारलं.

हलग्या वाजत राहिल्या.

"तुला कोणी सांगितलं? सरांनी फोन केला?"

"कोणी नाही सांगितलं," विजयश्री म्हणाली. "मी बघितलं."

आणि तिकडे, नंदुरबारच्या त्या सगळ्या गोंगाटात, नुकतंच राज्य जिंकलेली पोरगी आईला ऐकू जाईल असं रडायला लागली.